मोगरी थांबली

शेवटची खुरपणी झाली की जॉर्जियाच्या त्या कपाशीच्या मुलखात महिनाभर कुणाच्याच हाताला काम नसतं. झाडं कमरेला लागलेली, बोंडं हिरवीगार, आणि ती फुटेपर्यंत माणसानं नुसतं आभाळाकडे बघत बसायचं. काळी माणसं चर्चमध्ये जातात, गातात, एकमेकांकडे जेवतात. गोरी माणसं दुकानाच्या ओट्यावर बसतात. टेंपी स्टॉलिंग्जची आई म्हणायची, "बाई गं, पीक बुडालं तर भिऊ नगंस. गोऱ्याचे हात रिकामे झाले की भी." आईला जाऊन अठरा वर्षं झाली, पण ऑगस्ट लागला की हे वाक्य टेंपीच्या डोक्यात घोळायला लागायचंच.

त्या सोमवारी ती अंगणात कपडे धूत होती. अंगण म्हणायचं आपलं! कॅप्टन टलीचा हुकूमच होता की कपाशी पायरीपर्यंत आली पाहिजे, आणि ती आली होती. जमीन त्याची, घर त्याचं, खेचर त्याचं. मधे चूल मांडण्यापुरती जागा उरली होती. चुलीवर काळ्या कढईत कपडे उकळत होते. त्यातला एकेक कपडा काठीनं उचलायचा, ओंडक्यावर टाकायचा आणि मोगरीनं बडवायचा. धप्, धप्, धप्. सकाळपासून टेंपी एकच चादर चौथ्यांदा बडवत होती. चादर केव्हाच स्वच्छ झाली होती, आता चिरायला आली होती. पण चाळीस पावलांवर, कपाशीच्या दोन ओळींच्या मधे, तिचा धाकटा भाऊ ल्युशियस पालथा पडून तो आवाज ऐकत होता, आणि आवाज थांबून चालणार नव्हतं.

झालं होतं ते शुक्रवारी. घरामागे टेंपीनं चार ओळी चोरून भेंडी, चवळी आणि रताळी लावली होती. घोड्यावरून हिंडताना मुकादम रॉस्को बीलच्या नजरेला त्या ओळी पडल्या. "कॅप्टननं काय सांगितलं होतं?" तो म्हणाला. "कपाशी, बॉस," टेंपीचा नवरा होशेया म्हणाला. "मग ही भेंडी काय कॅप्टनच्या बायकोनं लावली?" ऑगस्टात भाजी मोडून तिथं काय पिकणार होतं? काही नाही. पण शिक्षा ती शिक्षा. बीलनं ल्युशियसला सांगितलं, खेचर जुंप आणि नांगर फिरव. ल्युशियसनं खेचर जुंपलं आणि गप्प उभा राहिला. नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही. तेव्हा बीलनं स्वतः नांगराची मूठ धरली. जन्मात कधी नांगर न धरलेला माणूस! तिसऱ्या ओळीत रताळ्याचे वेल खेचराच्या मागच्या पायांत गुंतले. पाय मोडेल म्हणून ल्युशियसनं सवयीनं हाक दिली, "हो... हो!" खेचर त्याच्याच आवाजाचं. जागच्या जागी उभं राहिलं. बील नांगरावरून पुढे जाऊन तोंडावर आपटला, आणि त्याची टोपी घरंगळत भेंडीत गेली.

आणि टेंपी हसली. हसायचं म्हणून नाही हो, शिंक यावी तसं आलं ते. तिनं लगेच पदर, म्हणजे एप्रनचं टोक, तोंडात कोंबलं, पण जायचं ते गेलं होतं.

बील उठला. कपडे झटकले, टोपी घेतली, घोड्यावर बसला आणि निघून गेला. शिवी नाही, चाबूक नाही. होशेया म्हणाला, "मारलं असतं तर बरं झालं असतं." संध्याकाळपर्यंत कॅप्टनच्या घरची स्वयंपाकीण धापा टाकत येऊन सांगून गेली. दुकानावर बील म्हणत होता की ल्युशियसनं त्याला ढकललं. हसण्याबद्दल तो अवाक्षर बोलला नव्हता. बाई आपल्याला हसली हे कोणता पुरुष सांगेल?

शनिवारी सहा जण येऊन घर उपसून गेले. गादी फाडली, माळ्यावर दाताळं खुपसलं, डुकराच्या खोपटात डोकावले. पायरीला लागलेल्या कपाशीत मात्र कुणी बघितलं नाही, कारण ती वीस एकर होती आणि ऊन मी म्हणत होतं. जाताना एक जण म्हणाला, कैद्यांच्या छावणीवरची कुत्री सोमवारी मोकळी होतील, मग बघू.

"आक्का, ऐक," ल्युशियसनं त्या दिवशी कपाशीतूनच सांगितलं होतं. टेंपी भेंडीची मोडलेली झाडं गोळा करायच्या मिषानं त्याच्याजवळ वाकली होती. "ओढ्यावर त्यांचा पहारा हाय, रातचा बी. सोमवारी उजाडलं की तू कपडे धूत ऱ्हा. मोगरी चालू हाय तंवर मी हितनं हलत न्हाई."

"पिळायला थांबावं लागंल की रे."

"पिळ की. पन लई वेळ आवाज न्हाई आला, तर मी समजेन ते घरात घुसलेत. ते घरात म्हंजे ओढा मोकळा. मी ओढ्यात उतरेन आन् पान्यापान्यानं रेल्वेच्या पुलापातुर जाईन. पान्यात कुत्र्याला वास लागत न्हाई."

"आन् मला हाणायला हातच उरला न्हाई तर?"

"त्येच तर म्हनतोय. हाक मारायला ताकद लागती. थांबायला काय लागतंय?"

पोरगं हुशारच होतं. सहा वर्षांचं असताना आई गेली, तेव्हापासून टेंपीनंच त्याला वाढवलं, त्याच्या उवा काढल्या, त्याला अक्षरं यावीत म्हणून पाच मैल शाळेला पिटाळलं. स्वतःला वाचता येत नव्हतं तरी! आता चोवीस वर्षांचा बाप्या दोन दिवस मातीत तोंड घालून पडला होता, आणि दिवसातून दोनदा ती एप्रनमधून मक्याची भाकरी नेऊन त्याच्या हाताशी टाकत होती.

दहाच्या सुमाराला रस्त्यावर धूळ उठली. एकच मोटार होती. टेंपीची मोगरी जरा जोरातच पडू लागली. मोटार अंगणाच्या कडेला थांबली आणि तीतून एक गोरा माणूस उतरला. पस्तिशीचा, उन्हानं लालबुंद झालेला, काखेत भली मोठी वही. पडवीत चवळी सोलत बसलेला होशेया धडपडत उठला. लाकडाच्या गिरणीत त्याचा डावा पाय चेंगरला होता, त्यामुळे त्याला उठायला कशाचा तरी आधार लागायचा.

गोरा सरळ टेंपीसमोर आला. डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, "गुड मॉर्निंग, मिसेस स्टॉलिंग्ज."

टेंपीचा हात वरच्या वर राहिला. चव्वेचाळीस वर्षांत गोऱ्या तोंडातून तिनं स्वतःला 'टेंपे' ऐकलं होतं, 'ए पोरी' ऐकलं होतं, केस पिकायला लागल्यावर 'मावशे' ऐकलं होतं. मिसेस? आणि टोपी काढून? वेडा तरी असावा, नाहीतर कुणीतरी सापळा लावून पाठवलेला. गोरा बोलत असताना काळ्या बाईनं हातातलं काम टाकून उभं राहायचं, ही रीत तिच्या हाडात मुरलेली. तिनं मोगरी ओंडक्यावर ठेवली आणि हात पुसत उभी राहिली.

"माझं नाव हारग्रोव्ह," तो म्हणाला. "अटलांटाहून आलोय. शेतावरची माणसं कशी राहतात, काय खातात, याचा अभ्यास करतोय. थोडे प्रश्न विचारले तर चालतील ना? कॅप्टन टलींची परवानगी आहे. सकाळी त्यांच्याकडेच नाश्ता केला."

कॅप्टनच्या ताटात जेवून आला! होशेयानं टेंपीकडे बघितलं आणि त्याच्या तोंडावर ते गोऱ्यांसाठीचं हसू आलं. "इचारा की सायेब! आमाला काय, आमी सुखात हाओत."

"बसा ना, मिसेस स्टॉलिंग्ज. तुमच्याच घरात तुम्ही उभ्या आणि मी बसलेला, बरं दिसत नाही."

"ऱ्हाऊ द्या सायेब. कपडे ऱ्हायलेत..."

"कपडे कुठं पळून जातात? बसा. जरा विसावा घ्या."

त्यानं स्वतः पडवीतली एकुलती खुर्ची उचलून तिच्यापुढे ठेवली आणि आपण पायरीवर बसला. टेंपी खुर्चीच्या कडेला टेकली. तापलेल्या तव्यावर बसल्यासारखं झालं तिला. अजून वेळ गेला नाही, ती मनाशी म्हणाली. चादर पिळायला लागतो तेवढाच गेलाय.

"घरात खोल्या किती?"

"दोन, सायेब," होशेया म्हणाला.

"खिडक्यांना काचा आहेत?"

"फळ्या हाईत. काचंला काय करायचंय, काच फुटती."

त्यानं लिहिलं. मग आत जाऊन बघितलं. पलंग मोजले, फाटलेली गादी बघितली, पण कशानं फाटली ते विचारलं नाही. मक्याच्या पिठाच्या डब्यात डोकावला. डब्यात तळाला पीठ होतं आणि त्यात दोन किडे होते. टेंपीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपली गरिबी दुसऱ्यानं वाकून बघावी, आणि तीही इतक्या आदबीनं!

"वर्तमानपत्र येतं का घरी?"

"भिताडाला हाय की सायेब," होशेया म्हणाला. "वारा येऊ ने म्हनून डकवलंय."

साहेब हसला नाही. त्यानं तेही लिहिलं. "काल रात्री काय जेवलात?"

"मक्याची भाकरी आन् काकवी."

"परवा?"

"मक्याची भाकरी."

"भाजी? बाग नाही का?"

टेंपी उठली. "सायेब, कढईतलं पानी आटंल. मी जरा..."

"बसा हो, मीच लाकडं ओढतो!" आणि तो माणूस खरंच उठला, चुलीतली लाकडं बाहेर ओढली, हात भाजून घेतला आणि परत पायरीवर येऊन बसला. देवा, हा गोरा शिव्या देणारा का नाही झाला? 'काय बघतेस, काम कर' असं खेकसला असता तर टेंपीनं त्याचे पाय धरले असते. भीक नको पण कुत्रं आवर म्हणतात ते असं.

त्यानं पाणी मागितलं. टेंपीनं बादलीतून भोपळ्याची डवली भरून दिली. ती धुऊन आणते म्हणाली तर तो "कशाला?" म्हणाला आणि तशीच तोंडाला लावून गटागटा प्याला. मग वही उघडून विचारलं, "घरात माणसं किती?"

"दोन," होशेया म्हणाला.

साहेबाची नजर दाराजवळच्या खुंटीवर गेली. तिथं तपकिरी टोपी होती. होशेयाच्या डोक्यावर त्याची स्वतःची गवती टोपी होती.

"ती कुणाची?"

"माझीच की. रविवारची."

साहेबानं 'दोन' लिहिलं, पण पेन्सिल तिथंच थोडा वेळ टेकवून ठेवली. अंगणात एक कोंबडी ओंडक्यावर चढून मोगरीवर चोच मारत होती. टेंपीला कपाशीकडे बघायचं नव्हतं आणि मान तिकडेच वळत होती. चादर पिळायला एवढा वेळ लागत नाही. दोन चादरी पिळायलाही लागत नाही. पण अजून पडून असेल, अजून ऐकत असेल, पोरगं घायकुतीला येणारं नाही.

होशेयाला खोकला आला. तो भिंतीच्या कडेला थुंकायला गेला. टेंपी पाणी द्यायच्या निमित्तानं मागोमाग गेली.

"त्याला सांगू का?" ती पुटपुटली. "मोटार हाय. मागं पेट्या हाईत, वर कापड टाकलंय. त्याखाली..."

"येडी का खुळी तू? कॅप्टनच्या घरी खाऊन आलाय त्यो."

"आपल्या डवलीनं प्याला."

"बीलचं कुत्रं पन पितंय आपल्या डवलीनं."

"मग मला मोगरी तरी हाणू दे त्याच्या म्होरं!"

"बसवलंय न्हवं तुला खुर्चीवर? मानपान चाललाय तुझा. उठून पाठ फिरवलीस तर संशय घ्यायचा. विचारून होऊ दे त्याचं, आन् जाऊ दे."

ती परत येऊन बसली. साहेबाचं शेवटचं पान आलं होतं. त्यानं आवाज उतरवला.

"मिसेस स्टॉलिंग्ज, इथं गोऱ्या आणि काळ्या लोकांचं कसं आहे? काही त्रास, काही तंटा?"

टेंपी सांगणार होती. पुढे आयुष्यभर ती शपथेवर म्हणायची, की त्या क्षणी ती सांगणारच होती. पण तिच्या तोंडानं तिला विचारलं नाही. आईच्या तोंडानं, आजीच्या तोंडानं जे उत्तर हजारदा दिलं होतं, तेच बाहेर पडलं. "न्हाई सायेब. हितली गोरी मानसं लई चांगली हाईत. आमाला कायबी तरास न्हाई."

"अजिबात नाही?"

"अजिबात न्हाई."

त्यानं लिहिलं नाही. वही मिटली आणि म्हणाला, "मागच्या वर्षी शेजारच्या मुलखात मला एका म्हाताऱ्यानं हेच सांगितलं. त्याच्या नातवाला टांगून तेव्हा तीन दिवस झाले होते. तुम्ही सांगू नका. तुमच्या जागी मीही सांगितलं नसतं. पण येताना मी दुकानावर थांबलो होतो. तिथं ट्रकमध्ये कुत्री चढवत होते. मी विचारलं, ऑगस्टात कसली शिकार? तर हसले. म्हणाले, ओढ्यापासून सुरुवात करून वर येणार."

"कुठनं?"

"ओढ्यापासून. रस्त्याच्या पुलाजवळून."

टेंपी उठली तशी खुर्ची आडवी पडली. ती धावत ओंडक्याशी गेली, कोंबडी फडफडून उडाली, आणि तिनं मोगरी उचलून चादरीवर हाणायला सुरुवात केली. धप्, धप्, धप्! पाणी उडत होतं, चादर टराटरा फाटत होती, आणि ती हाणतच होती. "टेंपे!" होशेया ओरडला. साहेब उभा राहून बघत राहिला.

"माझा भाऊ हाय सायेब," ती हाणता हाणता म्हणाली. "ती टोपी त्याची. त्यानं काय केलं न्हाई. हितं कपाशीत हाय. त्याला मोटारीत घाला, पाया पडते, त्याला अटलांटाला न्या."

"कुठं आहे? बोलवा लवकर!"

तिनं मोगरी टाकली आणि ओळीत घुसली. पानं तोंडावर आपटत होती. चाळीस पावलं तिला पाठ होती. तिथं माती दबली होती, अंगाएवढी जागा घामानं काळी पडली होती, भाकरीचा तुकडा पडला होता आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या. पुढे ओढ्याकडे जाणाऱ्या ओळीतली खालची पानं उलटी झाली होती. ल्युशियस नव्हता.

मग कुत्री भुंकली. लांबून, ओढ्याच्या अंगानं. आधी एक, मग सगळी मिळून.

टेंपी अंगणात आली तेव्हा साहेबानं मोटार चालू केली होती. मागच्या बैठकीवर पेट्याच पेट्या होत्या. त्यानं पुढचं दार उघडलं. "बसा. मी तिथं असलो तर ते बिचकतील. नावं लिहून घ्यायला लागलं की भले भले बिचकतात, मी पाहिलंय."

"टेंपे, म्होरं बसू नगंस!" होशेया पडवीचा खांब धरून ओरडत होता. "गोऱ्याशेजारी म्होरं बसलीस तर तुलाबी..." पुढचं तिला ऐकू आलं नाही. ती बसली होती. अंगावर ओला एप्रन, पायांत काही नाही.

रस्ताभर साहेब तिला प्रश्न विचारत होता आणि आता ती खरं सांगत होती. भेंडी सांगितली, नांगर सांगितला, खेचर सांगितलं. "आन् हसले मी," ती म्हणाली. "लिवा, हसले मी हुते. त्यो न्हवं." साहेबानं एक हात चक्रावर ठेवून तिच्याकडे बघितलं, आणि मोटार आणखी जोरात सोडली.

ओढ्यावरच्या रस्त्याच्या पुलाजवळ ट्रक आडवा लावला होता. दहा-बारा माणसं होती. कुत्री पोटापर्यंत ओली, जिभा बाहेर. ल्युशियस रस्त्यावर बसलेला, हात मागे बांधलेले, एका पायात जोडा नाही, ओठ फाटलेला. पण जिवंत. टेंपी मोटार थांबायच्या आधीच उतरली. कुणी तिला अडवलं नाही. तिला येताना बघून ल्युशियसचा चेहरा एकदम सैल पडला.

"आक्का, तू बरी हाईस?" तो म्हणाला. "आवाज थांबला. मला वाटलं तुला धरलं."

एका गोऱ्यानं मला खुर्चीवर बसवलं, मला मिसेस म्हणाला, म्हणून थांबला रे, हे सांगायचं कसं? टेंपीनं एप्रननं त्याचा ओठ पुसला. "न्हाई रे बाळा. मी बरी हाय."

"वा, टेंपे!" बील म्हणाला. "मोटारीतनं? आन् म्होरं बसून?" माणसं हसली.

साहेब वही उघडून पुढे झाला. "मी अटलांटाहून आलोय. इथं जे होतंय त्याची नोंद करणार आहे. या माणसाला शेरीफच्या ताब्यात द्या. आणि तुमची नावं सांगा. प्रत्येकाचं."

एकदम शांत झालं. कुत्रीसुद्धा गप्प बसली. टेंपीला वाटलं, लागली मात्रा. बिचकले.

"रॉस्को बील," बील म्हणाला. "लिवा. बापाचं नाव ऑरेन बील. हितंच जलम, हितंच मरनार."

मग दुसरा पुढे आला. मग तिसरा. रांगच लागली म्हणा ना. एकानं वहीत वाकून आपलं नाव नीट आलंय का ते तपासलं. एकानं विचारलं, अटलांटाच्या पेपरात छापून येणार का, कधी येणार. एक जण म्हणाला, "माझ्या मेव्हण्याचं बी घाला सायेब. ताप आलाय म्हनून आज आला न्हाई, न्हाईतर असताच त्यो." साहेबाची पेन्सिल चालत होती, आणि प्रत्येक नावागणिक त्याचा हात मंदावत होता. टेंपीला तेव्हा कळलं की या माणसांना वहीची भीती नाही. भीती असायला आपण काही वाईट करतोय असं आधी वाटावं लागतं.

"झालं का समद्यांचं?" बील म्हणाला. "मग हे बी लिवा. आमी त्याला तुरुंगात न्हेतोय. शेरीफ वाट बघतोय. कायद्यानं जे व्हायचं ते व्हईल. लिवलंत?"

"लिहिलं," साहेब म्हणाला.

"टेंपे, तू घरी जा. चर्चमदी गानं हाय न्हवं आज? गा."

त्यांनी ल्युशियसला काखेत धरून ट्रकमध्ये चढवलं, कुत्र्यांच्या मधे. त्यानं मान वळवून टेंपीकडे बघितलं आणि हसायचा प्रयत्न केला, पण फाटका ओठ दुखला असावा. साहेब मोटारीकडे धावला. मोटारीच्या पुढच्या भागावर एक म्हातारा बसला होता. मांडीवर बंदूक, हातात चाकू, पीच सोलत होता. "ऊन उतरू द्या सायेब," तो प्रेमानं म्हणाला. "घाई कसली? घ्या, फोड घ्या. आमच्याच झाडाची हाय." आणि त्यानं फोड चाकूच्या टोकावर धरून पुढे केली.

पुलापलीकडे रस्त्याला दोन फाटे होते. डावा गावात जायचा, तुरुंगाकडे. उजवा बंद पडलेल्या लाकडाच्या गिरणीकडे जायचा आणि तिथंच संपायचा. ट्रक फाट्यावर मंदावला. टेंपी पुलाचा कठडा धरून बघत होती, साहेब तिच्याशेजारी वही धरून उभा होता.

ट्रक उजवीकडे वळला.

धूळ बराच वेळ खाली बसली नाही. टेंपीला वाचता येत नव्हतं. तिनं साहेबाच्या वहीतल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"तुरुंगाचं लिवलंय ते हेच का, सायेब?"

"हो."

"खोडा," ती म्हणाली.